पाहुण्यांसमोरचं इंग्रजी

आमच्या घरात कमी खाण्यासाठी जितके इंग्रजी शब्द होते, तितके स्वयंपाकघरात डबे नव्हते. डबे सगळे मिळून सात-आठ असतील आणि त्यातले निम्मे रिकामे. शब्द मात्र रोज संध्याकाळी नवे येत. बाबा मिलमध्ये हजेरीबाबू होते. कोणे एके काळी तिथून परत गेलेल्या गोऱ्या साहेबाने टाकून दिलेली एक जाडजूड डिक्शनरी त्यांच्या हाती लागली होती. तिचा पुठ्ठा निखळलेला, पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. घरात देवघर एका कोनाड्यात होतं आणि डिक्शनरीला मात्र वेगळी फळी. मिल चालू होती तोवर हा शौक फुकट होता, त्यामुळे कुणाचं काही म्हणणं नव्हतं. संध्याकाळी भोंगा वाजला की आई चुलीवर तवा टाकायची आणि बाबा हातपाय धुऊन मला आणि वसूला समोर बसवायचे. वसू माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिला शब्दांपेक्षा तव्यावरच्या भाकरीत जास्त रस असे आणि मला तेव्हाही ते अगदी योग्य वाटायचं.

मग मिल बंद पडली. आधी आठवड्यातून काही दिवस, मग काही महिने, मग कायमची. भोंगा वाजेनासा झाला. आमच्या वस्तीत घड्याळं थोडी होती, भोंग्यावर सगळ्यांचं चाले. त्यामुळे पहिले काही दिवस बायका एकमेकींना विचारत फिरायच्या की भात टाकू की नको. पुढे हा प्रश्न वेळेचा राहिला नाही. बाबांनी या काळात काय केलं? त्यांनी डिक्शनरीत नेमके कमी खाण्याचे, काटकसरीचे शब्द शोधायला सुरुवात केली. फ्रूगल. थ्रिफ्ट. ऑस्टेरिटी. सबसिस्ट. थोडक्यात जेमतेम भागवणे म्हणजे ईक आउट. कीप बॉडी अँड सोल टुगेदर, म्हणजे जीव आणि शरीर एकमेकांना सोडून जाऊ नयेत इतपत खाणे. रेशनवर तेव्हा लाल ज्वारी यायची, परदेशातून आलेली. तिची भाकरी थापली की तुटायची आणि खाल्ली की घशात अडकायची. ती ताटात घेऊन बाबा आम्हाला सांगत, "इंग्रज लोक म्हणतात, टू कीप द वुल्फ फ्रॉम द डोअर. लांडग्याला दारापासून लांब ठेवणे."

आई मौद्याकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. ती चुलीपाशी बसूनच म्हणाली, "लांडगा येऊन आपल्या घरून नेईन काय? लाल भाकर? त्याले म्हणा, ये बापा, घेऊन जाय."

आणखी एकदा त्यांनी चर्चमधल्या उंदराइतका गरीब अशी म्हण... नाही, म्हण नव्हे, वाक्प्रचार सांगितला. आई म्हणाली, "त्यायच्या देवापुढे कोणी परसाद नाही ठेवत काय? आपल्या मारुतीच्या देवळातले उंदीर पहा, कसे माजले ते." वसू खो खो हसली. बाबा हसले नाहीत. ते शिकवताना कधीच हसत नसत. मला आज असं वाटतं की त्या शब्दांनी त्यांना खरोखर पोटभर वाटायचं. एखाद्या गोष्टीला इतकं भारदस्त नाव असेल तर ती गोष्ट आपल्यावर ओढवलेली नसून आपण ती निवडली आहे, असा काहीसा त्यांचा समज असावा. माझा तसा समज कधीच झाला नाही. मी सबसिस्ट म्हटलं काय आणि उपाशी म्हटलं काय, रात्री पोटात होणारा आवाज तोच असायचा.

इथवर ठीक होतं. पण बाबांनी शब्दांना कामाला लावलं. आमच्याकडे पाहुणे यायचे. नागपुरात कुणाचं दवाखान्याचं काम निघे, कुणाचं कोर्टाचं, कुणाला इतवारीत लग्नाचा बस्ता बांधायचा असे. आले की जेवूनच जाणार, ही रीत. पाहुण्याला पोटभर वाढायचं आणि आमच्याकडे नाही हे त्याला कळू द्यायचं नाही, यासाठी बाबांनी पाहुण्यांसमोरचं इंग्रजी तयार केलं. जेवताना ते सहज बोलल्यासारखे "फ्रूगल" म्हणाले की आम्ही एका भाकरीवर थांबायचं. "सफिशिएंट" म्हणाले की आईने वाढायला हात पुढे केला तरी हात आडवा धरायचा आणि पोट भरलं म्हणायचं. "ॲबस्टेमियस" म्हणाले की ताटाला हातच लावायचा नाही, मैत्रिणीकडे खाऊन आलो म्हणून सांगायचं. आणि एक प्रश्न पाहुणे असोत नसोत, घरात कायमचा बंद होता: अजून आहे का? तो कुणी विचारायचा नाही. आई वाढेल ते वाढेल. विचारलं आणि नसलं, तर वाढणारीचा अपमान होतो, असं बाबांचं म्हणणं. वाढणारीचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं.

आईचा भाऊ, म्हणजे आमचा मामा, एकदा कोर्टाच्या तारखेसाठी आला. आडदांड माणूस, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. पिशवीत शेतातली वांगी, अंबाडी आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन आला. आईने चून, म्हणजे पिठलं, केलं, अंबाडीची भाजी केली. मामा मांडी ठोकून बसला आणि बाबांनी घसा साफ केला. "सफिशिएंट," ते पाण्याच्या लोट्याकडे बघत म्हणाले. मी आणि वसूने हात आडवे धरले.

"भाऊजी, या पोट्ट्या जेवून काहून नाही राहिल्या?" मामाने विचारलं.

"झालं त्यांचं. त्यांचा आहारच तेवढा."

"पाखरावानी खातेत बापा! आमच्या पोट्ट्या पहा, चार चार भाकरी हाणतेत न् वरून भांडतेत." मग वसूकडे वळून म्हणाला, "काहून वं, शहरात खाऊन खाऊन कंटाळली काय?"

वसूने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मामाला वाटलं ठसका लागला. त्याने तिला पाणी दिलं.

मामाच्या घरी त्या वर्षी ज्वारी चांगली झाली होती. हे आम्हाला पुढे कळलं. गावी जाऊन त्याने सांगितलं, की ताईच्या घरी भरपूर आहे, पोरी ताटात टाकून उठतात. एक पोतं पाठवायचं त्याच्या मनात होतं, ते त्याने दुसऱ्या बहिणीकडे पाठवलं. आईला हे कळलं. तिने फळीवरून डिक्शनरी उचलली, वजन केल्यासारखी हातात तोलली आणि परत ठेवली. बाबा म्हणाले, "इज्जत राहिली ना?" आई म्हणाली, "हाव. शिजवू काय ते?"

आता इथे जरा थांबते. मी गेली कित्येक वर्षं कॅन्टीन चालवते. आधी खापरखेड्याला कामगारांची मेस होती, आता बुटीबोरीला एका कारखान्याचं कॅन्टीन आहे. दोन पाळ्यांत जेवण. परवा तिथला एक तरुण अधिकारी मला म्हणाला, "मॅडम, मी सोळा तास काही खात नाही. इंटरमिटंट फास्टिंग." त्याच्या तोंडावर जो तेजस्वी भाव होता, तो मी ओळखला. बाबांचा होता. माझी सून घरातल्या निम्म्या वस्तू काढून टाकून त्याला मिनिमलिझम म्हणते आणि मग रिकाम्या खोलीसाठी महागडा दिवा आणते. माझं कुणाशी भांडण नाही. पण ज्याच्या फ्रिजमध्ये जेवण आहे त्याने न जेवण्याला नाव द्यावं, याचं मला कौतुक करता येत नाही. माझ्या कॅन्टीनमध्ये दुपारच्या पाळीला बिहारकडची पोरं येतात. ती ताटावर बसली की काही बोलत नाहीत, आणि त्यांनी भात संपवायच्या आत पुन्हा वाढायला जायचं हे मी माझ्या वाढप्यांना ओरडून शिकवलं आहे.

तर, मी मॅट्रिक झाले. मार्क चांगले पडले, मला सायन्सला जायचं होतं. फी भरणं शक्य नव्हतं. मी कुठल्यातरी शाळेत शिपाईण किंवा दुकानात हिशेबाला लागावं असं शेजारी म्हणू लागले. बर्डीवर एक धर्मादाय संस्था होती, गरीब घरच्या हुशार मुलींची फी भरणारी. माझ्या बाईंनी अर्ज करवला. संस्थेचा नियम असा की अर्ज आला की कुणीतरी घरी येऊन पाहणी करायची. घर खरंच गरजू आहे का हे बघायचं. गरिबी तपासायला येणाऱ्यांचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो, पण फी त्यांच्याकडे होती. ती मिळाली नाही तर माझं शिक्षण तिथेच संपणार, हे घरातल्या चौघांनाही स्पष्ट माहीत होतं.

पाहणीला बाई येणार असा निरोप आला आणि घरात भांडण लागलं. आईचं म्हणणं साधं होतं. "जसं हाये तसं दाखवा. गुळाचा काळा चहा द्या. त्या पाहाले येऊन राहिल्या नं? पाहू द्या."

बाबा म्हणाले, "घरी आलेल्या बाईपुढे काळा चहा? मी अजून मेलो नाही."

"तुमी मेले असं कोण म्हनते? फी मांगून राहिलो आपण, सोयरीक नाही करून राहिलो."

बाबांनी ऐकलं नाही. शेजारच्या वानखेडेकाकूंकडून सोनेरी काठाचे कप आले, भरतकामाचा टेबलक्लॉथ आला, टेबल नव्हतं म्हणून तो खोक्यावर अंथरला. त्यांच्याकडूनच खुर्ची आली. काकूंनी वर तेल आणि बेसनही दिलं, म्हणाल्या, "पाहुणे कोण वं? पोरीले पाहाले येऊन राहिले काय?" आई म्हणाली, "हाव, पाहालेच." मामा पुन्हा तारखेला येऊन गेला होता, त्याने आणलेला सांबार होताच. त्या दिवशी आईने सांबारवडी केली. बेसनाची पारी लाटायची, आत सांबार, तीळ, खोबऱ्याचं वाटण भरायचं, घडी घालायची आणि तळायची. खोबरं नव्हतं, तीळ जास्त घातले. पहिली वडी तेलात पडली तेव्हाचा तो आवाज मी कधी विसरले नाही. घरात कितीतरी दिवसांनी काही तळलं जात होतं. वसू चुलीपाशी येऊन उभी राहिली आणि नुसती वास घेत राहिली. सकाळपासून आम्ही चौघं कण्यांच्या पातळ आंबिलावर होतो. बाबांनी मिलमध्ये घालायचा कोट त्या उकाड्यात चढवला आणि आम्हाला बजावलं, "बाई बसल्या की मी म्हणेन ॲबस्टेमियस. समजलं?"

बाई आल्या. कडक कांजी केलेलं पांढरं लुगडं, हातात छत्री, चेहऱ्यावर रोज तीन-चार घरं बघणाऱ्या माणसाचा कंटाळा. वाईट नव्हत्या. खुर्चीवर बसल्या, खोली पाहिली, टेबलक्लॉथ पाहिला. बाबांनी उभं राहून इंग्रजीत भाषण सुरू केलं. आम्ही स्ट्रेटन्ड सर्कमस्टन्सेसमध्ये आहोत, मिल बंद झाल्यापासून ईक आउट करतो आहोत, मेक बोथ एंड्स मीट होत नाही, हँड टू माउथ आहे. उच्चार स्पष्ट, वाक्यं लांब. आपल्या उपासमारीवर इतकं सुंदर बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मग वडीची बशी आली. बाबा म्हणाले, "ॲबस्टेमियस." मी आणि वसूने हात मांडीवर ठेवले.

बाईंनी एक वडी खाल्ली, मग दुसरी. "फारच छान झाली आहे," त्या म्हणाल्या. "घ्या गं मुलींनो."

"नको, पोट भरलंय," मी म्हणाले. वसूने मान हलवली.

बाईंनी चहा संपवला, रुमालाने बोटं पुसली आणि बाबांकडे पाहून मराठीत बोलल्या. आवाज सौम्य होता. "हे बघा साहेब, मी स्पष्ट बोलते. तुम्ही शिकलेले आहात, घर नीटनेटकं आहे. आणि तुमच्या मुली... बशी समोर आहे आणि त्या बघतसुद्धा नाहीत. मी पुष्कळ घरं पाहते. भुकेलं पोर असं बसत नाही. आमच्याकडे पैसा थोडा आहे, त्यावर ज्यांचा हक्क आहे त्यांनाच तो जायला हवा. तुम्हाला राग नको यायला."

बाबांना राग आला नाही. मला दिसलं, आणि ते बघून माझं डोकं फिरलं, की त्यांना बरं वाटलं. त्यांची मान किंचित ताठ झाली. फी गेली होती, माझं कॉलेज गेलं होतं, आणि त्यांना एक अनोळखी बाई खात्यापित्या घरचे समजत होती. "आय अंडरस्टँड, मॅडम," ते म्हणाले.

मी बशी ओढून मांडीवर घेतली आणि खायला लागले. ठरवून काही केलं नाही. एक वडी तोंडात असतानाच दुसरी उचलली. आतून अजून गरम होती, टाळू भाजला. बाबा म्हणाले, "कुमुद. ॲबस्टेमियस." मी खात राहिले. ते पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने, शब्द नीट तोडून, जणू मी तो विसरले होते. वसूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तिने दोन्ही हातांनी दोन वड्या घेतल्या. ती चावत नव्हती, गिळत होती. तिला उचकी लागली तरी ती थांबली नाही. तेल तिच्या कोपरापर्यंत आलं. खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता, आमच्या खाण्याचा आणि तिच्या उचकीचा तेवढा.

आतून आईचा आवाज आला. "खा वं पोरींनो, खा. बाबाचं इंग्रजी मंग खाजा."

बशी रिकामी झाली. वसूने बोटाने तळाचे तीळ टिपले. बाई बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. त्यांच्या हातातला रुमाल तसाच राहिला होता. त्या उठल्या, बाबांच्या बाजूने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. आतल्या फळीवरचे रिकामे डबे त्यांना दिसलेच असणार. आईने काही लपवलं नव्हतं आणि काही दाखवलंही नाही. ती कढई पुसत होती. बाई तिला म्हणाल्या, "फीचं होईल." आई म्हणाली, "बरं जी." पायांवर पडली नाही, आभार मानले नाहीत. बाईंना त्याची अपेक्षा असावी, कारण त्या क्षणभर थांबल्या. मग छत्री उघडून गेल्या.

फी मिळाली. पूर्ण तीन वर्षं मिळाली, आणि दरवर्षी संस्थेच्या समारंभात मला मंचावर उभं करून देणगीदारांना दाखवण्यात आलं. अध्यक्ष इंग्रजीत बोलायचे आणि मी त्या भाषणात डिझर्व्हिंग असायचे. मी उभी राहायचे. फुकट मिळणाऱ्या गोष्टींचं भाडं असं वेगळ्या प्रकारे द्यावं लागतं, एवढं मी तोवर शिकले होते.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. बाई गेल्यावर बाबा कितीतरी वेळ त्या उसन्या खुर्चीमागे उभे होते, कोट घालून. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग त्यांनी टेबलक्लॉथ घडी केला, कप धुतले, खुर्ची डोक्यावर घेतली आणि सगळं वानखेड्यांकडे पोचवून आले. परत आल्यावर कोट काढून खुंटीला लावला. पाठीवर सदरा चिकटला होता आणि आतल्या बरगड्या मोजता आल्या असत्या. मिलमध्ये असताना ते दुपारचं तिथेच जेवायचे. मिल बंद झाल्यावरही ते दुपारी बाहेर जायचे आणि येऊन सांगायचे, "आय हॅव डाइन्ड." कुठे, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. मूर्ख होतो म्हणून नव्हे. उत्तर ठाऊक होतं म्हणून.

आईने वाटीखाली झाकून ठेवलेली एक वडी काढली आणि त्यांच्यापुढे केली. "घ्या."

"आय हॅव हॅड..." त्यांनी सुरुवात केली.

आई तशीच हात पुढे करून उभी राहिली. तिला घाई नव्हती. शेवटी त्यांनी वडी घेतली, आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ली. सावकाश खाल्ली. मला वाटलं आता ते पाणी मागतील, किंवा माझ्यावर ओरडतील. दोन्हीची मी तयारी ठेवली होती.

ते वळले आणि आईला म्हणाले, "अजून आहे का?"

वसूची उचकी थांबली. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग रिकामी वाटी उलटी करून दाखवली. "संपली," ती म्हणाली. "उद्या करू."

उद्या करायला घरात बेसन नव्हतं. आईला ते ठाऊक होतं, मला, वसूला आणि बाबांनाही. बाबा "बरं" म्हणाले आणि आमच्याजवळ खाली बसले.